याचिकाकर्ती क्रमांक एक

आमच्या ऑफिसात शिक्षक भरतीची याचिका आली की कायद्याचा प्रश्न नंतर निघतो. आधी निघतो तो पहिल्या नावाचा. सत्तेचाळीस जणांनी मिळून याचिका केली तरी ती ओळखली जाते पहिल्या माणसाच्या नावानं. कोर्टाच्या बोर्डावर तेच नाव लागतं, पुकारा त्याच नावाचा होतो आणि निकालपत्रावर 'अमुक व इतर' असं छापून येतं. उमेदवारांची अशी पक्की समजूत असते की वरचे साहेब ते एकच नाव लक्षात ठेवतात आणि पुढे कधीतरी नेमकी त्याच माणसाची फाइल मागे पडते. हे खरं आहे का, मला माहीत नाही. मी तसं घडलेलं पाहिलेलं नाही. भीती मात्र दर वेळी पाहिली आहे.

वंदनाताई भोयर पहिल्यांदा आल्या त्या दिवशीही तेच चाललं होतं. रामदासपेठेत दोन दवाखान्यांच्या मधल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या सरांचं ऑफिस आहे. उमेदवार जिन्यापर्यंत उभे होते आणि आमचे जुने क्लार्क मोहनकाका वकालतनाम्यांवर सह्या घेत होते. त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला आणि विचारलं, "बोला, एक नंबर कोण?"

सगळे एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले.

"अल्फाबेटनं टाका ना काका," कोणीतरी सुचवलं. त्यावर अंबाडकर नावाचा उमेदवार घाबरून पुढे आला. "अल्फाबेट नाही जी. माझं लग्न जुळून राहिलं. मलेच काहून पुढं करता?"

"माझं टाका मंग," मागून एक आवाज आला. "माझं तं लग्न होऊन गेलं."

लोक हसले, जिन्यावरचेही. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचायची त्याला सवय होती. बुटक्या, रुंद कपाळाच्या, पदर घट्ट पिन लावून बसवलेला; खांद्याला शिंप्याच्या दुकानाची कापडी पिशवी. याच वंदनाताई. सावनेरजवळच्या खाप्याहून आल्या होत्या. मोहनकाकांनी वर बघून विचारलं, "बाई, घरी विचारलं का?"

"घरी सांगीन ना. विचारायचं काय त्यात?"

मी तेव्हा ऑफिसात सगळ्यात नवी होते. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून सह्या मोजणं एवढंच माझं काम होतं, आणि ते मला आवडत होतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं. थोड्या वेळानं लक्षात आलं की वंदनाताई माझ्या टेबलाशी उभ्या राहून माझ्या ओठांकडे बघताहेत.

"मॅडम, तुमी इंग्रजीत मोजता," त्या म्हणाल्या.

मी खरंच 'फोर्टी-सिक्स, फोर्टी-सेव्हन' करत होते. मला मराठी आकडे येतात, पण चाळिशीच्या पुढे आले की थांबून विचार करावा लागतो.

"शाळा इंग्रजी मिडियमची?"

मी मान हलवली.

"मंग तुमाले घेतील गणिताले. मले नाही घेत."

त्यात टोमणा नव्हता. आमची पूर्ण याचिका त्यांनी दोन वाक्यांत सांगितली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पाचवीपासून आठवीपर्यंत सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाले होते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून. भरतीची परीक्षा झाली, गुण लागले आणि त्यानंतर नियम आला की या जागांवर ज्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल, त्यांनाच घ्यायचं. वंदनाताईंची दहावी मराठीतून झालेली. बी.एस्सी. आणि बी.एड. झालेलं, परीक्षेत गुण चांगले, आणि खाप्याच्या एका विनाअनुदानित शाळेत दरवर्षीच्या नव्या ऑर्डरवर त्या नऊ वर्षं सेमी-इंग्रजीचंच गणित शिकवत होत्या. नियमानं त्यांना ते शिकवता येत नव्हतं. आणि मी, जिनं दहावीनंतर गणित सोडलं ते पुन्हा उघडलं नाही, ती माध्यमाच्या त्या अटीत बसत होते.

त्यांच्यासाठी यात आणखी एक गोष्ट होती. ही भरती त्यांची शेवटची होती. पुढची कधी निघेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि निघेल तेव्हा त्या वयोमर्यादेत बसणार नव्हत्या. हे त्यांनी एकदाच सांगितलं, फॉर्मवर जन्मतारीख लिहिताना. नंतर पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

पहिलं नाव लागल्यावर वंदनाताईंनी याचिका एखाद्या वर्गासारखी चालवायला घेतली. फोनमध्ये सगळ्यांचे नंबर त्यांनी नावानं ठेवले नव्हते, याचिकेतल्या क्रमांकानं ठेवले होते. काटोलची स्नेहल सतराव्या क्रमांकावर होती, म्हणून तिला त्या 'सतरा' म्हणत. "सतरा, तुझ्या मार्कशीटची झेरॉक्स धूसर आहे, दुसरी आण." तारखेला सत्तेचाळीस जण कोर्टात आले तर गर्दी होते, म्हणून त्यांनी पाच-पाच जणांच्या पाळ्या लावल्या. स्वतः मात्र प्रत्येक पेशीला, म्हणजे प्रत्येक सुनावणीला, येत. सकाळच्या पहिल्या बसनं येऊन कोर्ट उघडायच्या आधी बाहेर उभ्या असत. आत गेल्या की सगळ्यात मागच्या बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसत. आपलं प्रकरण निघून गेलं तरी लगेच उठत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याचा तास सुरू असताना मधातून उठू नये."

संध्याकाळी त्या सगळ्यांना आवाजी निरोप पाठवत. फोनवरच्या त्या गटात मीही होते, म्हणून ऐकत असे. "आजची पेशी. सरकारनं उत्तर द्यायले वेळ मागितला. आपलं काही बिघडलं नाही. पुढची तारीख कळवते. जेवून घ्या." दर वेळी शेवट तोच. एकदा प्रकरण बोर्डावर असूनही पुकारलंच गेलं नाही. त्या दिवशीचा निरोप एवढाच होता: "आज नंबर आला नाही. जेवून घ्या."

त्यांचा एक प्रश्न मात्र ऑफिसात सगळ्यांना धसका देणारा होता. कोणी काही समजून घेतल्याची मान हलवली की त्या विचारत, "समजलं, का समजल्यासारखं वाटलं?" हे त्या स्नेहलला विचारत, अंबाडकरला विचारत आणि एकदा प्रतिज्ञापत्राचं पान चुकल्यावर मोहनकाकांनाही विचारलं. काका चिडले. "बाई, मी या कोर्टात तुमच्या जन्माच्या आधीपासून येऊन राहिलो."

"म्हणूनच विचारते काका. नवीन माणूस तं पुन्हा वाचते."

काकांनी पान पुन्हा वाचलं. चुकलेलंच होतं.

सरकारच्या उत्तराला आमचं प्रत्युत्तर द्यायचं होतं तेव्हा वंदनाताईंना शाळेतून सुट्टी मिळाली नाही. सर म्हणाले, "तूच जा खाप्याला. कागद वाचायला दे, चुका काढून आण." चुका त्या काढणारच, हे सरांनी धरलेलं होतं. मी बसनं सावनेरला आणि तिथून खाप्याला गेले. त्यांचा तास सुरू होता. त्यांनी दारातूनच मला शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि मी दोन वेण्या घातलेल्या दोन मुलींच्या शेजारी जाऊन बसले.

फळ्यावर लिहिलं होतं की मायनस गुणिले मायनस म्हणजे प्लस. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "पण मॅडम, काहून?"

"काहून म्हणजे? पुस्तकात लिहिलं आहे ना," वंदनाताई म्हणाल्या आणि थांबल्या. मुलगी खाली बसली नाही. त्यांना तेच हवं होतं. "ये वं इकडं. तोंड खिडकीकडं कर. आता मायनस म्हणजे काय? अबाउट टर्न. कर. तोंड कुठी आलं?"

"दाराकडं."

"आणखी एक मायनस. अबाउट टर्न. आता?"

"खिडकीकडं."

"पहिले कुठी होतं?"

मुलगी स्वतःशीच हसली. त्यानंतर त्यांनी तेच वाक्य इंग्रजीत सावकाश फळ्यावर लिहिलं, मुलींकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "समजलं, का समजल्यासारखं वाटलं?" माझ्या शेजारचीनं वहीत बाण काढला, मग उलटा बाण, मग पुन्हा सुलटा. मी शहरातल्या चांगल्या शाळेत शिकले. हे वाक्य मी शंभरदा तरी लिहिलं असेल. त्याचं कारण मला त्या दिवशी खाप्यात, शेवटच्या बाकावर कळलं. मी हे त्यांना सांगितलं नाही. कागद पुढे केले. त्यांनी दोन तारखा आणि एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि मला बसपर्यंत सोडायला एका मुलीला पाठवलं.

आता जे सांगायचं आहे त्यात मी थोडी येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

एका पेशीला सरकारी वकिलांनी बराच वेळ युक्तिवाद केला. त्यांचा एक मुद्दा असा होता की ज्या प्रक्रियेला हे लोक चूक म्हणतात, तिच्यातच त्यांनी भाग घेतला. आता त्यांना तक्रार करता येत नाही. सर उत्तर देत असतानाच कोर्टाची वेळ संपली आणि पुढची तारीख पडली. बाहेर कॉरिडॉरमध्ये वंदनाताईंनी मला गाठलं.

"मॅडम, ते भाग घेण्याचं काय म्हणून राहिले होते?"

मी फायलींचा गठ्ठा सांभाळत, शब्द शोधत सांगितलं, "त्यांचं म्हणणं असं की जी प्रक्रिया चुकीची म्हणता तिच्यातच तुम्ही भाग घेतलात, तर याचिका टिकत नाही."

"टिकत नाही?"

"असं त्यांचं म्हणणं."

पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. आपल्याला ते लागू होत नाही, कारण आपण हरकत नोंदवून, याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून भाग घेतो आहोत. भरतीच्या पोर्टलवर जे भरायचं ते भरतच राहायचं. पण तेवढ्यात सरांनी दुसऱ्या कोर्टात बोलावलं आणि मी धावले. वंदनाताईंनी मान हलवली होती. मला वाटलं, समजलं. एवढ्या हुशार बाईला आणखी काय सांगायचं, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर परत जाऊन बोलणं सुरू करायचं मला जिवावर येतं, कोणाशीही.

त्यानंतर आठवड्याभरात पोर्टलवर पसंतीक्रम भरायची मुदत सुरू झाली. कोणती शाळा आधी हवी, कोणती नंतर, अशी यादी भरून ती लॉक करायची. वंदनाताईंनी रोज निरोप पाठवले. "सतरा, लॉक केलं का? बत्तीस, ओटीपी येत नसेल तं सावनेरच्या कॅफेत ये, मी आहे." एका रविवारी त्या दिवसभर त्या कॅफेत बसून होत्या. गावांची अंतरं, बसच्या वेळा, कोणाचं बाळ लहान आहे हे सगळं बघून त्यांनी लोकांचे क्रम लावून दिले. शेवटच्या दिवशीचा निरोप होता: "सगळ्यांचं झालं. आता काळजी नाही. जेवून घ्या." ऑफिसात कोणी यादी तपासली नाही. त्यांनी सगळ्यांचं म्हटलं म्हणजे सगळ्यांचं, असं आम्ही धरलं.

पुढे निकाल लागला. परीक्षेनंतर आलेला नियम या भरतीला लावता येणार नाही, आणि याचिकाकर्त्यांनी भरलेल्या पसंतीक्रमाप्रमाणे त्यांचा विचार करावा, असा आदेश झाला. सर सहसा हसत नाहीत, त्या दिवशी हसले. वंदनाताईंनी संत्रा बर्फीचा डबा आणला आणि मोहनकाकांना आग्रह करून दोन तुकडे दिले. कोर्टातल्या शिपायालाही दिले.

मग सुधारित यादी आली. याचिकेतले सेहेचाळीस जण तिच्यात होते. क्रमांक एकसमोर शेरा होता: पसंतीक्रम उपलब्ध नाही.

सरांनी त्यांना बोलावून घेतलं. मी माझ्या टेबलावर होते.

"भोयर मॅडम, पोर्टल बंद होतं का? ओटीपी आला नाही?"

"नाही सर. मी भरलंच नाही."

"का?"

वंदनाताई खुर्चीत सरळ बसल्या होत्या. "याचिका माझ्या नावानं आहे. भाग घेतला तं याचिका टिकत नाही म्हणत होते ना ते. मंग एक नंबर तरी साफ पाहिजे, म्हटलं. बाकीच्यायचं भरून घेतलं, त्यायचं नुकसान काहून करायचं? मी थांबली. आपण जिंकलो तं सगळ्यायलेच मिळन, असं वाटलं."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"सरकारी वकील म्हणत होते, सर. मी ऐकलं मागं बसून."

सरांनी हरकत नोंदवून भाग घेण्याचा अर्थ त्यांना समजावून सांगितला. कॉरिडॉरमध्ये माझं जे सांगायचं राहिलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. वंदनाताई ऐकत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. मी एका फाइलला दोरी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

सरांनी त्यांच्यासाठी वेगळा अर्ज केला. त्यावर सुनावणीही झाली. पण क्रम न भरलेल्या उमेदवारासाठी संपलेली मुदत पुन्हा उघडता येणार नाही, असं ठरलं, आणि तोपर्यंत जागाही वाटून झाल्या होत्या. त्या संध्याकाळी गटावर वंदनाताईंचा निरोप आला नाही.

नेमणुकांच्या समुपदेशनाच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी उमेदवार समोरासमोर शाळा निवडून घेतात त्या दिवशी, सरांनी मला आदेशाची प्रत घेऊन तिथे थांबायला सांगितलं, कोणी अडवलं तर दाखवायला. हॉलबाहेर वंदनाताई दिसल्या. स्नेहल एकटी यायला घाबरत होती म्हणून त्या आल्या होत्या. तिला रामटेककडची एक शाळा मिळत होती आणि ती रडवेली झाली होती.

"कशी जाऊ जी मी तिथं रोज?"

"रोज काहून? खोली कर. शाळेच्या बाजूले नको करू, स्टँडच्या बाजूले कर. पहिले सहा महिने आजारी पडू नको. जाय आत."

स्नेहल आत गेली. आम्ही दोघी बाकावर उरलो. मी कितीतरी दिवस मनात जुळवलेलं वाक्य सगळं विसरले आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सरांना माझं नाव सांगितलं नाही."

"सांगून काय झालं असतं? तुमाले बोलले असते. पोर्टल तं उघडलं नसतं." त्या पिशवीची कड सरळ करत राहिल्या. "राग आला होता जी. दोन दिवस आला होता. तुमचा नंबर काढून टाकला मी फोनमधून. मंग पुन्हा टाकला."

मी आदेशाची प्रत एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"पण मी बी विचारलं नाही ना. मुलांले रोज विचारते आणि स्वतःच्या वेळेस नाही विचारलं. एक नंबर होती ना मी. थोडी ऐट आली होती मले." मग त्या म्हणाल्या, "तुमी कागदावर लिहून देत जा मॅडम लोकायले. चार ओळी. मराठीत. तुमचं अक्षर चांगलं आहे. बोलायची लाज वाटते तुमाले, ते समजते मले. लिहायची नाही वाटत."

स्नेहल हातात पत्र घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. वंदनाताईंनी तिला मधेच धरलं, पत्र हातात घेऊन शाळेचं नाव, केंद्र, हजर व्हायची तारीख सगळं बारकाईनं तपासलं आणि परत दिलं. "बरोबर आहे," म्हणाल्या.

त्यांना दुपारचा तास होता. मी त्यांना स्कूटरवर बसस्टँडला नेलं. सावनेरची बस लागलेली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी मांडीवर वह्यांचा गठ्ठा काढला, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि तपासायला लागल्या. कंडक्टर तिकिटाला येऊन उभा राहिला, तर एक बोट वर करून त्याला थांबवलं, उदाहरण शेवटच्या पायरीपर्यंत वाचलं, खाली सही केली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. मी खाली खिडकीशीच उभी होते. बस मागे घेतली, वळवली आणि फाटकातून बाहेर पडली. तेव्हा त्या पुढच्या वहीवर होत्या.